पडदा उजळल्याचे तास

"तीन. थांबला. पुन्हा तीन." टीव्हीखालच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावर बोट रोखून दुरुस्तीवाला म्हणाला, "कुठं दुखतंय ते सांगतोय बिचारा. या कंपनीत तीन म्हणजे वीज पुरवणारा बोर्ड. पाच असते, तर मी हात टेकले असते."

"बघा बुवा," नवरा म्हणाला. "उद्या घर बघायला माणसं येतायत. सामानासकट द्यायचंय."

सून विजेरी धरून उभी होती. सासऱ्यांचं हे घर चौदा महिने बंद होतं. वारण्याच्या आठच दिवस आधी त्यांनी हा टीव्ही हौसेनं आणला होता. आता नवऱ्याला घर विकायचं होतं, त्याची बहीण नाही म्हणत होती. तिच्या सहीशिवाय व्यवहार होणार नव्हता. गेल्या वेळी दोघं या विषयावर बोलले, तेव्हा फोन आपटूनच ठेवले गेले होते. सुनेला त्याचीच धास्ती. नणंद म्हणजे सासरचं तिचं एकुलतं मायेचं माणूस. म्हणून तर आज रोजचा शिवणाचा क्लास बुडवून ती नवऱ्याबरोबर आली होती.

दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण काढलं. एक कपॅसिटर पुरीसारखा फुगला होता. त्यानं तो उपटून दुसरा जोडला, डाग दिला, फुंकर मारली. दिवा हिरवा झाला आणि पडदा उजळला. एका जुन्या सिनेमात कुणीतरी रडत होतं, पण आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"आवाज चारवर ठेवलाय," दुरुस्तीवाला हसला. "तुमचे वडील अगदीच हळू ऐकायचे हो."

"बाबा? त्यांचा रेडिओ खालच्या मजल्यावर ऐकू जायचा!"

दुरुस्तीवाल्यानं रिमोटवरची चार बटणं ठरावीक क्रमानं दाबली. सिनेमा गेला आणि पडद्यावर पांढऱ्या ओळी आल्या.

"अय्या, हे काय?" सून पुढं सरकली.

"याच्या पोटातली गोष्ट, वहिनी. कधी काय बिघडलं, किती वेळ चालला, सगळं इथं नोंदलेलं. आम्हाला एवढं पुरतं."

"आणखी काय काय कळतं यातून?"

"वहिनी, तुम्हीच शिका हे काम!"

"छे हो. आमच्याकडे रिमोट माझ्या हाती येतोच कुठे? बाप आणि दोन लेक, तिघांत ओढाताण."

नवरा मात्र एका ओळीवर नजर लावून बसला होता. "हे एक हजार दोनशे नव्वद म्हणजे काय?"

"तास. पडदा उजळलेला असतो तेवढेच धरतो तो."

"बाबांनी आठ दिवस पाहिला हो! रात्रंदिवस लावला तरी दोनशे होणार नाहीत. प्लग चालू राहिला असेल."

"नुसत्या प्लगनं आकडा हलत नाही. आणि हे बघा, दर वेळी रिमोटनं बंद केलाय." त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. "चौदा महिने म्हणता ना? रोजचे तीन तास धरा. इथं कुणीतरी येतं, साहेब. किल्ल्या किती?"

"दोन. एक आमच्या कपाटात पडून असते. एक..." नवऱ्याचा चेहरा तांबडा झाला. "एक ताईकडे. जुने सिनेमे, नाही का! लहानपणापासून वेड. म्हणजे गुपचूप येऊन ठाण मांडलंय बाईंनी. म्हणून सही नको!"

"अहो, आधी नीट विचारा तरी."

"विचारतोच. पण आज तिचं नि माझं कायमचं तुटलं म्हणून समज." तो फोन घेऊन खिडकीशी गेला.

सून दुरुस्तीवाल्याजवळ वाकली. "दादा, तो आकडा पुसता येतो का हो?" ती कुजबुजली.

"येतो की. पण साहेबांनी पाहिला ना आता. पुसून काय उपयोग?"

"खरंच," ती म्हणाली. "भावाबहिणीत उगाच आग लागायला नको, म्हणून म्हटलं."

खिडकीशी आवाज चढला होता. "खोटं बोलू नकोस, ताई! आकडा समोर आहे माझ्या. रोज तीन तास!" त्यानं फोनचा स्पीकर लावला. "बोल, ऐकू दे सगळ्यांना."

"सगळे म्हणजे कोण?" नणंदेनं विचारलं.

"टीव्हीवाला आहे. आणि ही आहे."

सुनेनं विजेरी विझवली.

"मीच येत होते," नणंद म्हणाली. "रोज दुपारी. बाबांच्या खुर्चीत बसायचं, सिनेमा लावायचा. घरी मला कोण निवांत बसू देतं रे? तीन तास कुणी हाक मारत नाही, काही मागत नाही. एवढंच हवं होतं. तुला सांगितलं असतं, तर हसला असतास."

नवरा खुर्चीच्या हातावर टेकला. बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"वेडी आहेस," तो शेवटी म्हणाला. "सांगायचं तरी. जाऊ दे, त्या माणसांना नाही म्हणून कळवतो मी. राहू दे घर असंच. तू येत जा."

"येईन," नणंद म्हणाली. "टीव्ही तेवढा नीट करून घे."

चौदा महिन्यांत नणंद या घरी एकदाच आली होती. तिनं किल्ली कुलपात घालायच्या आतच दार आतून उघडलं होतं, आणि उघडणारी सून होती.