फारूखचा डावा पाय

"बच्चा है क्या?" कबर खणणाऱ्यानं विचारलं. एवढासाच खड्डा लागणार म्हटल्यावर त्याला दुसरं काय वाटणार?

"नाय," सोमनाथ म्हणाला. "पाय हाय. फारूखचा."

कुदळ थांबली. "लेफ्टी फारूख?"

सोमनाथनं मान हलवली. तो लिंबाखालच्या कट्ट्यावर बसला होता आणि पांढऱ्या कापडात गुंडाळलेला पाय त्याच्या मांडीवर होता. घाटी दवाखान्यापासून कब्रस्तानापर्यंत रिक्षात त्यानं तो असाच धरून आणला होता. माणसाचा पाय एवढा जड असतो, हे त्याला साठी उलटल्यावर आज कळलं.

हा पाय ठाऊक नसलेला म्हातारा या शहरात सापडणं अवघड. राज्य स्पर्धेची फायनल, बरोबरीत अडकलेली, मॅच संपत आलेली. सोमनाथनं पास दिला आणि फारूखनं डाव्या पायानं चेंडू असा काही जाळ्यात घातला, की गोलकीपर जागचा हललासुद्धा नाही. पुढं त्याच पायानं फारूखला महाराष्ट्राच्या संघात नेलं, नोकरी लावली, आणि म्हातारपणी टपरीटपरीवर फुकटचा चहाही पाजला. उजव्या पायाला मात्र तो काडीची किंमत देत नसे. "तो चपलेचा जोड पुरा व्हावा म्हणून ठेवलाय," असं तो सत्काराच्या स्टेजवरूनही सांगायचा. लोक पोट धरून हसायचे.

मग साखरेनं नेमका डावाच पाय धरला. आधी अंगठा काळा पडला, मग पाऊल. गुडघ्यावरून काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. फारूख ऐकायलाच तयार नाही. बायकोला, बिल्किसला, त्यानं चारचौघांत बजावलं, "पाँव कटने दी, तो जिंदगीभर तेरा मुँह नय देखूँगा." तो बोलला की बोलला, हे तिला संसारभर ठाऊक होतं. काल ताप डोक्यात गेला आणि त्याची शुद्ध हरपली. आता पाय राखाल तर माणूस जाईल, डॉक्टर म्हणाले. बिल्किसनं सही केली.

कापलेला अवयव टाकून द्यायचा नसतो, दफन करायचा असतो. पण त्याला जनाज्याची नमाज नसते, असं मौलानांनी समजावलं होतं. सोमनाथनं जुन्या संघातल्या एकट्या विश्वजीतला फोन केला होता, तेवढाच. तरी बातमी आमखासच्या मैदानावर पोचली आणि तिथून कुठं कुठं गेली कुणास ठाऊक. एकेक म्हातारा फाटकातून आत यायला लागला. वैजापूरहून विश्वजीत आला, शेंद्र्याहून सांडू आला. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाच्या हातात काठी. माणसाच्या मयतीत काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं, पण पायाच्या मयतीत काय करायचं हे एकालाही माहीत नव्हतं. थोडा वेळ सगळे नुसतेच चुळबुळत उभे होते. मग मॅचच्या आधी उभे राहायचे तसे ते खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभे राहिले.

सोमनाथनं खाली वाकून पाय ठेवला. प्रत्येकानं मूठ मूठ माती दिली. सांडू, जो मैदानात भल्याभल्यांना आडवा करायचा, तो हुंदके देऊन रडला. फारूख जिवंत होता, तरी सगळ्यांना पोरकं वाटलं.

संध्याकाळी सोमनाथ वॉर्डात गेला, तर बिल्किस दाराबाहेरच्या बाकावर बसलेली.

"आत का नाय बसलात, भाभी?"

"शुद्धीवर आले तर आधी माझंच तोंड दिसेल," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं."

फारूख जागा होता. चादर एका बाजूला गुडघ्यापाशीच सपाट झाली होती आणि तो तिथंच बघत होता. सोमनाथ स्टूल ओढून बसला.

"पुरला?" फारूखनंच विचारलं.

"पुरला."

"कोण आलं होतं?"

"समदे. जे उरलेत ते समदे."

फारूखनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. सोमनाथनं त्याला रडू दिलं. अशा वेळी माणसाला धीर देणं म्हणजे त्याचं रडणंही हिसकावून घेणं. बऱ्याच वेळानं फारूखनं डोळे पुसले.

"बिल्किस?"

"भाईर बसलीय. तुला भिऊन."

"बुला उसको."

ती आली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. पदर तोंडावर ओढलेला. "माफ करो," ती कशीबशी म्हणाली. "मेरेको तुम चाहिए थे."

"पदर हटा," फारूख म्हणाला.

तिनं पदर बाजूला केला. रात्रभर रडून तिचा चेहरा सुजला होता. फारूख त्या चेहऱ्याकडं बघत राहिला. मग त्यानं सोमनाथकडं मान वळवली.

"सोमनाथ, हिला खरं काय ते सांग. उगीच जिवाला लावून घेतलंय हिनं. फायनलचा गोल मी उजव्या पायानं मारला होता."

बिल्किसनं दोघांकडं पाहिलं. तिनं तो गोल लग्नापासून हजारदा ऐकला होता, आणि बहुतेक वेळा सोमनाथच्याच तोंडून. आयुष्यात सोमनाथनं दुसरं काही मोठं केलं नव्हतं, त्या एका पासशिवाय.

"व्हय, भाभी," तो म्हणाला. "पास माझाच होता. उजव्या पायावरच दिला होता."