खर्च वजा जाता

"बघा, केवढी गर्दी आहे तुमच्या खेळाला!" असं म्हणत प्रकाशकाने वहिनीपुढे करार आणि पेन सरकवलं.

गर्दी खरंच होती. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या 'लिफ्टवाली'चा स्टॉल दिसायचा. मोठा टीव्ही, टेबल, दोन लाल खुर्च्या आणि मागे छतापर्यंत पोचलेला फलक. हा कॉम्प्युटर गेम दोन बायकांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून केला होता. कोड वहिनीचा, चित्रं नणंदेची. नणंद-भावजय एका टेबलावर बसून भांडल्या नाहीत, ही खरी बातमी होती, पण ती फलकावर कोणी लिहिली नव्हती.

आता प्रकाशकाला दुसरा भाग हवा होता. त्याचे हक्क अजून दोघींकडेच होते. सही इथेच, फोटो काढणाऱ्यांसमोर व्हावी, अशी त्याची इच्छा होती. अटी जुन्याच. आधी कंपनीचा खर्च वसूल होणार आणि मग उरेल त्यातून यांची रॉयल्टी.

"पहिल्या भागातून आमच्यासाठी काय उरलं?" वहिनीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. वर्षाचा हिशेब सकाळीच हातात पडला होता आणि त्याच्या तळाशी शून्य होतं.

"अहो, खेळ तुफान खपतोय. पण खर्चही आहे ना! जाहिरात, प्रवास, हा स्टॉल..."

"हा स्टॉल आमच्या पैशातून?"

"मग? खेळ तुमचाच ना! ह्या खुर्च्या, टेबल, टीव्ही. भाड्याने फार महाग पडतं, म्हणून विकतच घेतलं आणि तुमच्या नावावर टाकलं. एकेक वस्तू लिहिलीय. आमच्याकडे लपवाछपवी नाही." हे तो छाती फुगवून म्हणाला.

"आम्हाला पहिल्या प्रतीपासून हिस्सा हवाय," नणंद म्हणाली. "थोडा कमी द्या, पण पहिल्या प्रतीपासून द्या."

प्रकाशक हसला. "तसं कोणी देत नाही, ताई. नको असेल तर राहिलं. दुसरा भाग घरातल्या घरात खेळत बसा. आमच्याशिवाय तुम्हाला विचारतंय कोण?"

नणंदेचे डोळे भरून आले. रागाने तिला असंच व्हायचं आणि त्याचा तिला आणखी राग यायचा.

"वन्सं, उठा," वहिनी म्हणाली.

एरवी ती नणंदेला सरळ नावाने हाक मारायची. 'वन्सं' आणि 'उठा' एकदम आलं, की आता कोणाची तरी धडगत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नणंद उठली. टीव्हीला जोडलेला स्वतःचा लॅपटॉप तिने काढून काखोटीला मारला. टीव्ही निळा पडला. वहिनीने दोन्ही खुर्च्या एकात एक घालून टेबलावर उलट्या ठेवल्या आणि टेबलाचं एक टोक धरलं. दुसरं नणंदेने धरलं.

"हे काय चाललंय?"

"सामान नेतोय. पैसे आमचे, तर माल कोणाचा?"

"अहो, ती नुसती हिशेबाची पद्धत असते!"

"मग ही आमची पद्धत."

वर्षभर फोनवर 'बरं' आणि 'चालेल' एवढंच बोलणारी बाई ती हीच. 'गोगलगाय नि पोटात पाय' असं प्रकाशक नंतर चारचौघांत सांगत फिरला. त्या वेळी मात्र तो कॅमेऱ्यांपुढे हात आडवे धरण्यातच गुंतला होता.

दारावर पहारेकऱ्याने अडवलं. सामान न्यायचं तर कागद लागतो. वहिनीने टेबल टेकवलं आणि पर्समधून हिशेब काढून दिला. तो बोट फिरवत वाचू लागला.

"खुर्च्या आहेत. टेबल आहे. आणि टीव्ही?"

"जड आहे हो. त्याच्यासाठी ह्यांच्या भावाला बोलवते," वहिनी नणंदेकडे बघून म्हणाली.

पहारेकऱ्याने कागद परत दिला आणि दार पूर्ण उघडून धरलं.

बाहेर गाड्या लावायच्या जागेच्या कडेला त्यांनी टेबल मांडलं. नणंदेने लॅपटॉप उघडला आणि दुसरा भाग सुरू केला. तो अर्धाच झाला होता. लिफ्ट मध्येच अडकायची, आतली माणसं एकमेकांवर चिडायची. आधी गाडीची वाट पाहणारी एक बाई येऊन बसली. मग आतला रिकामा स्टॉल पाहून लोक शोधत आले. बघता बघता रांग दारापर्यंत गेली.

"पहिल्या भागातला तो रुसलेला म्हातारा ह्यात बोलतो का?" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

"नंबर आला की तुम्हीच विचारा त्याला!" नणंद ओरडली. आता तिला हसू आवरत नव्हतं.

"पण हा विकत कुठे मिळणार?" खेळणाऱ्या बाईने विचारलं.

"आमच्याकडे," वहिनी म्हणाली. असं काही तिने ठरवलेलं नव्हतं. बोलून गेल्यावर मात्र तिला ते एकदम पटलं.

तेवढ्यात प्रकाशक घाम पुसत बाहेर आला. त्याने रांग पाहिली, लॅपटॉप पाहिला आणि आवाज मऊ केला.

"झालं गेलं सोडा. पहिल्या प्रतीपासूनचंही बघू काहीतरी. चला, नीट बसून बोलू."

"बोला ना. पण उभ्यानेच," वहिनी म्हणाली. "खुर्च्या आमच्या आहेत."