अर्धी गोळी

महेशला यात दुहेरी फायदा होता. रक्त पातळ करणारी गोळी पूर्ण घ्या म्हणणारे हृदयाचे डॉक्टर त्याच्या मुलीचे, हर्षालीचे, होणारे सासरे; साखरपुडा येत्या रविवारी. तूर्त बंद करा म्हणणारा पोटाचा डॉक्टर त्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ, आणि हे स्थळ आणलेलं त्यानंच. महेशनं आईला, बयाबाईंना, रोज अर्धी दिली. कोणाचाच शब्द खाली पडला नाही.

आज सकाळी बयाबाई चहाच्या कपासकट कलंडल्या. रक्ताची गाठ मेंदूत जाऊन अडकली होती.

गंगापूर रोडच्या दवाखान्यात दोन्ही डॉक्टर खाटेजवळ आले आणि बयाबाईंच्या औषधाबद्दल पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले. व्याही म्हणाले, आजींना काळं संडासला होतंय हे मला कोणी सांगितलंच नाही. मेहुणा म्हणाला, हृदयात गाठ दिसली होती हे मला कुठं ठाऊक होतं. मग उभ्या उभ्याच दोघांचं एकमत झालं: आधीच दाखल करून घ्यायला हवं होतं, दुर्बिणीनं पोटातला रक्तस्राव थांबवून मग रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू करायला हवी होती. त्यात अर्धी गोळी कुठंच नव्हती. जाताना दोघांनी यापुढं एकमेकांना फोन करून विचारायचं ठरवलं.

नांदगावहून धावत आलेली महेशची बहीण प्रतिभा हे सगळं ऐकत होती. तिनं त्याला कोपऱ्यात घेतलं.

"एक म्हणाला पूर्ण, एक म्हणाला बंद. अर्धी कोण म्हणालं, दादा?"

"मीच. कोणाला खोटं पाडू मग?"

"फोन लावून दोघांना बोलायला लावायचं."

"मोठी माणसं ती. जुंपली असती म्हणजे? पोरीचं लग्न तू जमवणार होतीस?"

"जुंपू द्यायची. मांडवली करायला आईचं शरीरच सापडलं का तुला?"

महेश खाटेशी गेला, आईच्या कानाशी वाकला आणि समजावणीच्या सुरात सांगू लागला, की रविवार पार पडेपर्यंत भाऊबंदांना बाथरूममध्ये घसरून पडली असंच सांगायचं, गोळीचा विषय नको. बयाबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. तोंड वाकडं झालं, थोडी हवा बाहेर आली, शब्द आला नाही.

"बघ," महेश बहिणीला म्हणाला, "आईला पटलंय."

व्याही राहिले. मेहुणा राहिला. रविवारही राहिला. वाचा गेली ती बयाबाईंची.