टोकापासून मुळापर्यंत

"हलायचं नाही हं, गोटूशेठ," म्हणत प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्याच्या मानेवर रुळणारी बारीकशी बट कातडीलगत कापली आणि मुळाकडच्या बाजूला दोरा बांधला.

चार वर्षांचा गोटू बहिणीच्या मांडीवर बसला होता. "दुखलं का रे?" तिने विचारलं.

"गुदगुल्या झाल्या!"

"आता ताईची," बाई म्हणाल्या. आठ-नऊ वर्षांच्या ताईने जांभई दाबत मुकाट्याने वेणी सोडली.

"तिची कशाला?" वडिलांनी विचारलं.

"एका घरातली, एका ताटातली मुलं. हिच्या स्वच्छ केसांशी त्याचे ताडून बघता येतात."

आत्या दाराशी डोळे पुसत उभी होती. मुलांची आई गेल्यापासून घर तीच बघत होती. गोटू आईसाठी रडून घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून ती त्याला गुंगीचं औषध देत आली होती. परवा बाटली वडिलांच्या हाती लागली आणि बिंग फुटलं.

"कधीपासून देत होतात?" बाईंनी विचारलं.

"वर्ष होत आलं असेल. अगदी परवापर्यंत, रोज. आता खोटं कशाला बोलू?" आत्या म्हणाली. "माझ्या हातून घ्यायचा नाही, थुंकून टाकायचा. मग मी चमचा भरून द्यायचे आणि ताई त्याला आत नेऊन पाजायची. पोर शांत झोपतंय, एवढंच बघितलं मी."

वडिलांनी तिच्याकडे मान वळवली नाही. "किती गेलंय याच्या पोटात, तेवढं सांगा बाई."

या कामात बाईंचे केस पिकले होते, तरी अशी बट हातात आली की त्या अजून थक्क व्हायच्या. रक्त चार दिवसांत सगळं विसरून जातं. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, पण त्या महिन्यात अंगात जे भिनलं ते जपून ठेवतो. माणसं सांगोत न सांगोत.

गोटूच्या बटेचे तुकडे करून त्यांनी एकेक यंत्रात घातला. टोकाकडचे, म्हणजे सगळ्यात जुन्या महिन्यांचे, तुकडे औषधाने भरलेले निघाले. आत्याचं बोलणं खरं होतं. पण निम्म्यावर आल्यावर आकडे घसरले, आणि तिथून मुळापर्यंत काहीच नाही.

यंत्रच रुसलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा तपासलं. तेच. गेले कित्येक महिने गोटूच्या पोटात थेंबही गेला नव्हता.

त्यांनी वडिलांना फोन लावला. "मध्येच बंद केलं होतं का औषध?"

पलीकडून आत्याच ओरडली, "नाही हो! बाटली संपली की मीच नवी आणायचे!"

बाई चक्रावल्या. नसलेला गुन्हा कुणी आपणहून गळ्यात का बांधून घेईल? ताडून बघायचं तेवढं राहिलं होतं. त्यांनी ताईची बट घेतली, तुकडे केले आणि टोकापासून सुरुवात केली.

टोकं स्वच्छ होती. पण ज्या महिन्यात गोटूच्या केसांतलं औषध संपलं होतं, नेमक्या त्याच महिन्यापासून मुळापर्यंत ताईच्या केसांचा प्रत्येक तुकडा त्या औषधाने भरलेला होता.