कपड्यांतला एकार्ट

बाल्टिकच्या आमच्या किनाऱ्यावर कुणी कपडे घालत नाही आणि कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. जूनमध्ये इर्माने नेहमीच्या जागी टॉवेल अंथरला आणि शेजारची जागा एकार्टसाठी राखून ठेवली. कित्येक उन्हाळे ती दोघं तिथेच गप्पा छाटत आली होती. ती पोहून बाहेर आली की तो रोज ओरडायचा, "काय राणीसाहेब, पाणी कसं आहे?"

यंदा त्याच्याऐवजी त्याची लेक आली, बूटमोज्यांसकट.

"बाबा फेब्रुवारीत गेले, इर्मामावशी."

"अगं, मला कळवलंसुद्धा नाहीत!"

"कळवणार कुठे? तुमचं आडनाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण त्याआधी तुम्ही भेटलात की त्यांना. हॉस्पिटलच्या दारात, चाकाच्या खुर्चीत होते ते."

इर्माला आठवलं. जाडजूड कोट, मफलर आणि कानटोपीतला एक म्हातारा भर बर्फात तिला विचारत होता, "काय राणीसाहेब, पाणी कसं आहे?" बिचाऱ्याला भ्रम झालाय, असं समजून ती नजर चुकवून पुढे निघून गेली होती.

"रागावला असेल ना गं माझ्यावर?"

"छे, हसले! म्हणाले, तिने मला कपड्यांत कधी पाहिलंय? ओळखणार तरी कशी?" लेकीने वाळूत रुतलेला बूट उपसून काढला. "थोड्या वेळाने मात्र हळूच म्हणाले, पण आवाज तर तोच होता ना?"