उतारावरचा न्यूट्रल

उझित्से गावच्या उतारावर लाल सिग्नल दिसला, की माझी विद्यार्थिनी तियाना शंभर मीटर आधीच गाडी न्यूट्रलला टाकायची. आज अकराव्यांदा टाकली आणि माझं डोकंच फिरलं.

“अगं, गिअरमध्ये राहू दे गाडी! आधी ब्रेक, क्लच अगदी थांबताना. उद्या परीक्षेत नापास होशील! हे खूळ कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?”

“बाबांनी, काका.”

“आणि त्या शहाण्याला कुणी शिकवलं?”

तिनं निमूट गिअर पुन्हा टाकला.

“बोल की!”

“तुम्हीच. आपल्या देशावर आंतरराष्ट्रीय निर्बंध होते त्या वर्षी, पेट्रोल रस्त्यावर बाटलीनं विकायचे तेव्हा. उतारावर गिअर काढून पेट्रोल वाचवलं नाही म्हणून तुम्ही बाबांना इथंच उतरवलंत आणि घरी चालत धाडलंत.”