शेवटच्या कडव्याचा सूर

हॉलमध्ये चोवीस मुलं होती, तीन ओळींत आठ-आठ. एक पेटी, ती फक्त सुरुवातीचा सा देण्यापुरती. स्टँडवर एक मोबाईल. भिंतीवर एक कागद आणि त्यावर एस्टोनियातल्या महोत्सवाला उरलेले दिवस: एकोणीस.

"चौथं कडवं, पुन्हा," वल्लरीताई म्हणाल्या.

मुलांनी भातलावणीचं गाणं उचललं. वाद्यांची साथ नाही, महोत्सवाचा नियमच तसा होता. सा एकदा मिळणार आणि चार मिनिटांनी संपताना बरोबर त्याच सावर यायचं. खालच्या गल्लीत शिवाजी पेठेतली पोरं फुटबॉल खेळत होती, म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या.

गाणं संपलं. मोहितनं मोबाईलकडं बघितलं. तो ताईंचा जुना विद्यार्थी, आता इंजिनिअरिंगला होता. सूर मोजायचं ॲप त्यानंच आणलं होतं. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट, हे त्यानं मुलांनाही शिकवलं होतं.

"अठ्ठावीस खाली."

दोन वर्षांपूर्वी पोलंडला गेले तेव्हा वृंद साठ सेंट उतरला होता. परीक्षकांनी लिहिलं होतं, आवाज गोड आहेत, सूर टिकत नाही. तो कागद ताईंच्या पर्समध्ये अजून होता. तेव्हापासून त्या मुलांकडून रोज वीस मिनिटं श्वासाचे व्यायाम करून घेत होत्या. साठाचे अठ्ठावीस झाले ते त्यामुळंच, असं त्या सगळ्यांना सांगत. आता उरलेले अठ्ठावीस कुणाचे, तेवढं शोधायचं होतं.

"मी ओळींतून फिरते. माझ्याकडं कुणी बघायचं नाही."

प्रत्येक मुलाच्या तोंडाशी कान नेऊन त्या शेवटचं कडवं ऐकत गेल्या. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. तिन्ही दिवस त्या एकाच जागी थांबल्या. मधली ओळ, पाचवी. तिथं एक सूर शेजारच्यांशी घासत होता.

ती स्वप्नाली. अकरा वर्षांची, हुपरीहून बसनं यायची. घरी पैंजणांचं काम होतं. सारख्या घुंगरांच्या जोड्या लावून झाल्या की ती निघायची. वृंदात येऊन तिला वर्षच झालं होतं.

"ताई, आमची गाडी घाटात घसरतीय ती हिच्यामुळंच," मागून राजवीर म्हणाला. दोघंतिघं हसले.

"मी हाय तिथंच गातोय की," स्वप्नाली म्हणाली.

ताईंनी तिला एकटीला गायला लावलं. ॲपमधला काटा शेवटी मध्यावर आला.

"शून्य," मोहित म्हणाला. "एकटीला जमतंय, ताई."

"एकटीला जमून काय करायचं? तेवीस जण एकीकडं आणि ही एकीकडं. वृंदात दुसऱ्याचं ऐकून गावं लागतं." ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शेजारणीचं ऐक. तिच्यात मिसळ."

स्वप्नालीनं मान हलवली. सगळे परत गायले. चौथ्या कडव्यात तोच सूर तसाच घासला.

"मला तसं जमंना, ताई," ती म्हणाली आणि खाली बघत राहिली.

नावांची यादी गुरुवारी दुपारी बारापर्यंत पाठवायची होती. सकाळी ताईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं. बाळाबाई तिला घेऊनच आल्या, तेव्हा त्यांच्या नखांत चांदी घासल्याच्या काळ्या रेघा होत्या. त्यांनी सगळं उभ्यानंच ऐकून घेतलं.

"बाई, पासपोर्ट आलाय तिचा. आमच्या घरातला पयला. मागच्या ओळीत उभी करा. नुसतं तोंड हलवंल."



"ते खोटं होईल, बाळाबाई. तिलाच पुढं खुपेल. पुढच्या महोत्सवाला बघू की."

"म्हंजे दोन वर्सांनी. तवा ती तेराची हुईल. तुमच्यात बारापतोरच घेत्यात न्हवं?"

ताईंनी टेबलावरची यादी जवळ ओढली.

स्वप्नालीनं पिशवीतून वृंदाचं सामान काढून टेबलावर ठेवलं. हिरवा परकर, पोलकं, चार पिना.

"गाण्याची वही ठिवू?"

"राहू दे तुझ्याकडं."

जिना उतरताना ती शेवटचं कडवं गुणगुणत होती. बाळाबाई तिला गप म्हणाल्या. मग नुसत्या चपला वाजल्या.

पावणेबाराला ताईंनी तेवीस नावांची यादी पाठवली. वीस मिनिटांत उत्तर आलं: यादी मिळाली, यापुढं बदल होणार नाही.

चार वाजता मुलं आली. आठ, सात, आठ. मधल्या ओळीतल्या मुलांना ताईंनी थोडं सरकवलं, तशी रिकामी जागा बुजली. पेटीवर सा दिला आणि डोळे मिटून घेतले.

असे आवाज मिळालेले त्यांनी या मुलांकडून कधी ऐकले नव्हते. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. चौथ्यात त्या घासणाऱ्या सुराची वाट बघत राहिल्या. तो आला नाही. तेवीस गळे एका गळ्यासारखे येऊन शेवटच्या सावर टेकले.

"लई भारी झालं, ताई," राजवीर म्हणाला.

ताईंनी डोळे पुसले. "मोहित, किती?"

मोहितनं रेकॉर्डिंग परत लावलं. शेवटचा सा ऐकला. पेटीवरचा सा दाबून बघितला. पुन्हा मोजलं. मग त्यानं मोबाईल ताईंकडं वळवला.

एकसष्ट सेंट खाली.